गिऱ्हाइकाला बेड्या घालून बाई सुटत नाही

जुलै २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने एक निकाल दिला. कुंटणखान्यावरच्या छाप्यात सापडलेल्या एका पुरुषाचं म्हणणं होतं, मी नुसता गिऱ्हाईक आहे, पीटा म्हणजे अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याखाली माझ्यावर गुन्हा होऊच शकत नाही. न्यायालयाने कुंटणखाना चालवण्याशी जोडलेली कलमं त्याच्यावरून काढली, पण कलम ५ कायम ठेवलं. कारण असं दिलं, की देहविक्रय करणारी स्त्री म्हणजे बाजारातला माल नव्हे, म्हणून तिच्याकडे जाणाऱ्याला 'ग्राहक' म्हणता येत नाही. पैसे देणारा तिला या व्यवसायाला प्रवृत्त करतो, आणि प्रवृत्त करणं हा गुन्हा आहे. वाचलं तेव्हा मला ते पटलं होतं. बाई माल नाही, हे इतक्या स्पष्टपणे न्यायालयाने म्हणावं याचं बरंही वाटलं. पण नंतर या विषयावर जे लिहिलं-बोललं गेलं ते ऐकताना अस्वस्थ व्हायला झालं. एका बाजूचे म्हणतात, गिऱ्हाइकाला तुरुंगात टाका, मागणी संपली की धंदा आपोआप संपेल. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, दोन सज्ञान माणसं बंद दाराआड काय करतात याच्याशी सरकारचा संबंध काय? दोघांच्याही डोळ्यांसमोरच्या खोलीत दोनच माणसं आहेत. घरवाली, दलाल, हप्त्याला येणारा शिपाई, दिवसाला व्याज मोजणारा सावकार आणि दर महिन्याच्या मनिऑर्डरीवर जगणारं गावाकडचं घर, यांतलं कुणीच त्यांना दिसत नाही.

माझं मत आधीच सांगते. सज्ञान स्त्रीला पैसे देऊन शरीरसंबंध ठेवणं एवढ्यावरूनच कुणाला गुन्हेगार ठरवू नये. अल्पवयीन मुलीकडे जाणारा, आणि विकून आणलेली, डांबून ठेवलेली बाई आहे हे कळत असून तिच्याकडे जाणारा, यांना मात्र कसलीही सवलत नको. त्यांच्यासाठीचा कायदा आज अस्तित्वात आहे आणि तो कडकपणे वापरायला हवा. या दोहोंमधली रेघ पुसून सरसकट सगळ्यांना आरोपी केलं, तर पुरुषाला ठोठावलेला दंड शेवटी बाईकडूनच वसूल होतो.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण वाद घालणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी तो उघडून पाहिला आहे असं वाटतं. १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यात देहविक्रय हा स्वतःहून गुन्हा नाही. कुंटणखाना चालवणं, दुसऱ्याच्या देहविक्रयाच्या कमाईवर जगणं, बाईला या धंद्यासाठी आणणं, डांबून ठेवणं हे गुन्हे आहेत. गिऱ्हाईक या कायद्यात उघडपणे एकाच ठिकाणी येतो, कलम ७ मध्ये. प्रार्थनास्थळ, शाळा, वसतिगृह, रुग्णालय यांच्यापासून २०० मीटरच्या आत देहविक्रय झाला, तर तो करणारी आणि 'ज्याच्याशी तो केला जातो ती व्यक्ती' असे दोघंही तीन महिन्यांपर्यंतच्या कैदेला पात्र ठरतात. आता आपल्या शहरांचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. पुण्याच्या बुधवार पेठेत दगडूशेठ गणपतीचं मंदिर आणि देहविक्रयाची वस्ती एकाच पेठेत आहेत. मुंबई, नागपूर, सांगली, कुठेही उभे राहा, २०० मीटरच्या आत एखादं देऊळ, मशीद, दवाखाना किंवा बालवाडी सापडणार नाही अशी जागा किती सापडेल? याचा अर्थ असा, की शहरी भागात गिऱ्हाईक आजही बहुतेक ठिकाणी कायद्याच्या कचाट्यात येऊ शकतो. 'त्याला कुणी हातच लावत नाही' हे गृहीतकच कच्चं आहे.

कलम ८ तर मुळातून वाचण्यासारखं आहे. खिडकीत बसून किंवा सज्जात उभं राहून, शब्दाने किंवा खुणेने कुणाला बोलावलं तर पहिल्या वेळेला सहा महिन्यांपर्यंत कैद, पुढच्या वेळेला वर्षभर. आणि हाच गुन्हा पुरुषाने केला तर? कमीत कमी सात दिवस, जास्तीत जास्त तीन महिने. एकाच कृत्यासाठी बाईला पुरुषाच्या दुप्पट शिक्षा, आणि हे आजही छापील कायद्यात आहे. गिऱ्हाइकाला शिक्षा व्हावी म्हणणाऱ्यांचा राग इथूनच येत असेल, तर तो राग मला समजतो. पण या असमानतेवर उपाय म्हणून पुरुषाची शिक्षा वाढवायची, की बाईची शिक्षा पुसून टाकायची?

केरळच्या निकालाकडे परत येते. गिऱ्हाइकाला कलम ५ खाली आणता येतं का, यावर उच्च न्यायालयांमध्ये एकमत नाही. कर्नाटक आणि आंध्रच्या उच्च न्यायालयांनी छाप्यात सापडलेल्या गिऱ्हाइकांवरचे खटले रद्द केले आहेत. असे बचाव उभे करणाऱ्या वकिलांना 'पैशासाठी काहीही' अशी नावं ठेवली जातात. मला त्या वकिलांची बाजू घ्यायची आहे. फौजदारी कायद्यातला शब्द हवा तसा ताणायचा नसतो. जो गुन्हा कृतीच्या वेळी कायद्यात लिहिलेला नव्हता त्यासाठी कुणालाही दोषी ठरवता येत नाही, असं आपल्या राज्यघटनेचा अनुच्छेद २० सांगतो. संसदेला गिऱ्हाईक हवा होता तिथे, कलम ७ मध्ये, तिने तो स्पष्ट लिहिला. कलम ५ मध्ये लिहिला नाही. याहून मोठा पुरावा म्हणजे २००६ चं दुरुस्ती विधेयक. त्या वर्षी केंद्र सरकारने लोकसभेत कलम '५ क' आणायचं ठरवलं होतं: कुंटणखान्यात मानवी वाहतुकीला बळी पडलेल्या व्यक्तीचं लैंगिक शोषण करण्यासाठी जाणाऱ्याला पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. गिऱ्हाईक कलम ५ मध्ये आधीपासून होता, तर सरकारला हे नवं कलम लिहायची गरज का पडली? ते विधेयक मंजूर झालं नाही, चौदाव्या लोकसभेबरोबर संपलं. संसदेने जी शिक्षा दिली नाही ती अर्थ लावून देणं हे आज एका नकोशा वाटणाऱ्या माणसाच्या बाबतीत घडतंय म्हणून आपण गप्प बसलो, तर उद्या तेच कुणाच्याही बाबतीत घडेल.

आता विरोधी बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा. तो नैतिकतेचा नाही, जातीचा आहे. या धंद्यात कोण आलं? महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवर पिढ्यान्‌पिढ्या देवाला वाहिलेल्या मुली, मुरळ्या, जोगतिणी. बहुतेक दलित. देवाच्या नावाने सोडायचं आणि माणसाच्या अंथरुणावर पाठवायचं, ही व्यवस्था सवर्ण पुरुषाने आपल्या सोयीसाठी चालवली. मुंबई इलाख्यात १९३४ मध्ये देवदासींसाठी कायदा झाला, आणि तरीही महाराष्ट्राला २००५ मध्ये पुन्हा नवा निर्मूलन कायदा करावा लागला, यावरून ती मुळं किती खोल आहेत ते कळतं. डॉ. आंबेडकरांनी जून १९३६ मध्ये परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, मुरळ्या, जोगतिणींसमोर भाषण करून हे जिणं सोडा असं बजावलं. अशा इतिहासात 'मर्जी' या शब्दाला काय वजन उरतं? पोटात भूक आणि पाठीशी जात असताना दिलेला होकार हा होकार आहे का? जे उदारमतवादी 'दोन सज्ञान माणसं' एवढं म्हणून मोकळे होतात, त्यांच्याकडे या प्रश्नाचं उत्तर नाही. आणि मी ते उत्तर असल्याचा आव आणणार नाही. ही मर्जी मोकळी नाही. पूर्णपणे कधीच नव्हती.

पण मर्जी मोकळी नाही म्हणून गिऱ्हाईक काढून घ्यायचं, यात तर्काची एक पायरी गाळलेली आहे. बाईपुढे तीन वाईट वाटा असताना तिने त्यातली एक धरली. तुम्ही ती बंद केलीत. आता तिच्याकडे दोन उरल्या, त्याही ज्या तिने आधीच नाकारल्या होत्या. लाचारीवर उपाय लाचारी कमी करण्याचा असतो. जमीन, शिक्षण, रेशनकार्ड, मुलांच्या दाखल्यावर आईचं नाव, सावकाराखेरीज कुणाकडून तरी मिळणारं कर्ज, यांनी वाटा वाढतात. पोलीस चौकी वाटा वाढवत नाही. बाबासाहेबांनी त्या दिवशी हाक घातली ती त्या स्त्रियांच्या स्वाभिमानाला. ती हाक आज फौजदाराच्या दंडुक्याला बांधणं मला मान्य नाही.

आणि 'मागणी संपवा' या सिद्धांताची परीक्षा तर आपल्या डोळ्यांसमोर होऊन गेली आहे. मार्च २०२० च्या टाळेबंदीत गिऱ्हाईक एका रात्रीत नाहीसं झालं. कुठल्याही कायद्याला जमणार नाही इतकं पूर्णपणे. कामाठीपुऱ्यात, बुधवार पेठेत महिनोन्‌महिने कुणी फिरकलं नाही. काय झालं? बाया मुक्त झाल्या का? खोलीचं भाडं चढत राहिलं, घरवालीकडून आणि सावकाराकडून उचल घेतली गेली, एचआयव्हीची औषधं आणायला जाणं अवघड झालं. सप्टेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना सांगावं लागलं, की या स्त्रियांना ओळखपत्राचा आग्रह न धरता कोरडा शिधा द्या. महाराष्ट्राने ऑक्टोबर ते डिसेंबर दरमहा पाच हजार रुपये आणि शाळेत जाणारी मुलं असतील तर अडीच हजार जास्त, अशी मदत जाहीर केली. ती चांगलीच गोष्ट झाली, पण तीन महिन्यांची. टाळेबंदी उठली तेव्हा त्या बाया आधीपेक्षा जास्त कर्जात होत्या, आणि कर्जात असलेल्या बाईला गिऱ्हाईक नाकारता येत नाही, निरोधाचा आग्रह धरता येत नाही. मागणी शून्य केल्याने सुटका होते असं म्हणणाऱ्यांनी या सहा-आठ महिन्यांचा हिशेब मांडून दाखवावा.

यावर स्वीडनचं नाव घेतलं जातं. घ्यायलाच हवं. १ जानेवारी १९९९ पासून तिथे शरीरसंबंध विकत घेणं गुन्हा आहे, विकणं नाही. सरकारने नेमलेल्या चौकशीने २०१० मध्ये रस्त्यावरचा देहविक्रय जवळपास निम्म्यावर आल्याचं सांगितलं. बाई विकत घेणं लाजिरवाणं आहे ही जाणीवही तिथे रुजली, हे मी नाकारत नाही. नॉर्वे, आइसलँड, फ्रान्स, आयर्लंड त्याच वाटेने गेले. दुसरीकडे जर्मनीने २००२ मध्ये या व्यवसायाला कायदेशीर चौकट दिली आणि तिथे मोठमोठे कुंटणखाने उभे राहिले; तो मार्ग मला नको आहे. पण स्वीडनमध्ये धंदा सोडणाऱ्या बाईला घरभाडं, बेकारभत्ता, मुलांचं पाळणाघर मिळतं. त्यांच्या कायद्यातलं फक्त शिक्षेचं कलम आपल्याकडे आणायचं आणि बाकीचं स्वीडन तिथेच ठेवायचं, याला अनुकरण तरी कसं म्हणावं? शिवाय फ्रान्सचं पाहा. २०१६ च्या कायद्याविरुद्ध हा व्यवसाय करणारे २६१ जण युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले. त्यांचं म्हणणं होतं, गिऱ्हाईक घाबरल्यामुळे आम्हाला अंधाऱ्या, आडबाजूच्या जागी जावं लागतं आणि घासाघीस करायला वेळ उरत नाही. जुलै २०२४ मध्ये ते हरले. न्यायालयाने हा निर्णय त्या-त्या देशाच्या अखत्यारीत ठेवला. त्या तक्रारी खोट्या आहेत असं काही ते म्हणालं नाही. तिसरं उदाहरण कमी घेतलं जातं: न्यूझीलंडने २००३ मध्ये दोन्ही बाजूंचा गुन्हा काढून टाकला. २०१४ मध्ये तिथल्या एका बाईने आपल्या मालकाविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार केली आणि न्यायाधिकरणाने तिला पंचवीस हजार डॉलरची भरपाई मिळवून दिली. धंद्यातली बाई छळाची तक्रार करते आणि जिंकते! आपल्याकडे ती पोलीस ठाण्याची पायरी चढायला धजत नाही.

कारण आपल्याकडे पोलीस येतात ते छाप्याने. बनावट ग्राहक पाठवायचा, खुणेच्या नोटा द्यायच्या, इशारा आला की दोन पंच घेऊन आत शिरायचं. वर्तमानपत्रात मथळा येतो 'मुलींची सुटका'. सुटका झालेल्या बाईचं पुढे काय होतं? सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईत मालाडच्या एका अतिथिगृहातून अशाच तीन तरुणी 'सोडवल्या'. विशीतल्या, सज्ञान, कुठल्याही आरोपपत्रात आरोपी नसलेल्या. दंडाधिकाऱ्यांनी त्यांना वर्षभर सुधारगृहात ठेवायचा आदेश दिला. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि सांगितलं, की देहविक्रय हा या कायद्याखाली गुन्हा नाही, सज्ञान स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध असं डांबता येत नाही. म्हणजे जिला कायदा पीडित म्हणतो ती कुलपाआड, आणि जो आरोपी तो बहुधा त्याच आठवड्यात जामिनावर घरी. गिऱ्हाईक सरसकट गुन्हेगार झाला की अशा छाप्यांना आणखी एक कारण मिळेल. प्रत्येक खटल्याला साक्षीदार लागेल, आणि ती साक्षीदार तीच असेल. तिचा पत्ता, तिचं गाव, तिचं खरं नाव त्या कागदात जाईल. आणि जी प्रकरणं कोर्टापर्यंत पोचणार नाहीत त्यांत तोडपाणी होईल. बदनामीला घाबरलेल्या पुरुषाकडून पैसे उकळण्याचा तो नवा हमखास मार्ग ठरेल. तोडपाण्यात गेलेला पैसा गिऱ्हाईक पुढच्या वेळी बाईच्या दरातून कापतो.

याच ठिकाणी इतिहास आठवतो. १८६८ च्या भारतीय संसर्गजन्य रोग कायद्याखाली बायांची नोंदणी आणि सक्तीची तपासणी होत असे. मुंबईत तो १८७० ते ७२ आणि पुन्हा १८८० ते ८८ असा राबवला गेला. आजारी निघालेली बाई कोंडून ठेवली जाई, तिच्याकडे गेलेला सैनिक वा खलाशी मोकळा. इंग्लंडमध्ये अशाच कायद्याविरुद्ध समाजसुधारक जोसेफिन बटलर यांनी मोठा लढा दिला आणि १८८६ मध्ये तो रद्द करून घेतला. पण त्याच लाटेवर १८८५ चा दुसरा कायदा आला. मुलींच्या संमतिवयात वाढ करणारा, म्हणून स्वागतार्ह. आणि कुंटणखान्यांवर पोलिसांना मोकळं रान देणारा. शोषण करणाऱ्यांना धडा शिकवायला म्हणून दिलेल्या त्या अधिकाराने प्रत्यक्षात गरीब बाया भाड्याच्या खोल्यांतून रस्त्यावर आल्या. हेतू बायांना वाचवायचा होता, याबद्दल शंका नाही. पोलिसाच्या हातात दिलेला अधिकार हेतू विचारत नाही.

आपल्या घरचीच उदाहरणं हवी असतील तर तीही आहेत. २००५ मध्ये महाराष्ट्रात डान्सबार बंद झाले ते स्त्रीच्या प्रतिष्ठेसाठी. तारांकित हॉटेलांना मात्र सूट होती. सर्वोच्च न्यायालयात ही बंदी २०१३ मध्ये टिकली नाही, आणि त्या निकालात पंचाहत्तर हजार स्त्रियांचा रोजगार गेल्याचा मुद्दा आहे. त्यांतल्या कितीतरी जणींना देहविक्रयाकडेच वळावं लागलं. २००४ च्या पावसाळ्याच्या तोंडावर गोव्यात वास्कोच्या बायणा किनाऱ्यावरच्या खोल्या पाडल्या. धंदा संपला नाही, लॉजमध्ये आणि फोनवर गेला, जिथे त्या बायांपर्यंत आरोग्यसेवक पोचू शकत नव्हता. ऑगस्ट २०२१ मध्ये नागपूरच्या गंगा-जमुना वस्तीत पोलिसांनी बॅरिकेड लावून गिऱ्हाईक अडवलं. अडवलं गिऱ्हाइकाला, रस्त्यावर उतरून भाकरीसाठी आंदोलन करावं लागलं बायांना.

आणखी एक गोष्ट बोलायची राहते, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. या कोंदट खोल्यांमध्ये बाहेरच्या जगातून रोज येणारा माणूस एकच असतो, गिऱ्हाईक. आतली मुलगी लहान आहे, रडते आहे, तिला कोंडलंय, हे पहिल्यांदा त्याच्या लक्षात येतं. एखाद्याने फोन करून खबर दिली, आपल्या मोबाइलवरून तिला घरी बोलू दिलं, अशा सुटकेच्या हकिकती आहेत. तिथे जाणं हाच गुन्हा ठरला तर तो कशाला तोंड उघडेल? हुंडाबंदीचा १९६१ चा कायदा आठवा. घेणारा आणि देणारा दोघंही गुन्हेगार. परिणाम असा, की मुलीचा बाप तक्रारीला जाताना स्वतःच अडकायची भीती बाळगे, आणि ऐंशीच्या दशकात दुरुस्ती करून पीडितांच्या जबाबाला संरक्षण द्यावं लागलं. ज्या गुन्ह्याचा साक्षीदारच आरोपी असतो तो गुन्हा चव्हाट्यावर येत नाही.

म्हणजे पुरुषाला सोडून द्यायचं? मुळीच नाही. २०१३ मध्ये भारतीय दंड संहितेत कलम ३७० अ आलं, तेच आज भारतीय न्याय संहितेत कलम १४४ आहे. विकून आणलेली व्यक्ती आहे हे माहीत असताना, किंवा तसं मानायला कारण असताना, जो तिचं लैंगिक शोषण करतो त्याला तीन ते सात वर्षं सक्तमजुरी. ती बालक असेल तर पाच वर्षांहून कमी नाही. 'मानायला कारण असताना' हे शब्द फार मोलाचे आहेत. दाराला बाहेरून कुलूप, भाषा न कळणारी घाबरलेली पोर, पैसे तिच्या हातात न देता दुसऱ्याच कुणीतरी घेणं, हे सगळं ते कारण आहे. 'मला माहीत नव्हतं' म्हणून त्याला सुटता येणार नाही. पण हे कलम लावायचं तर तपास करावा लागतो: मुलगी कुठून आली, कुणी आणली, पैसा कुठे गेला. वीस गिऱ्हाइकांची तोंडं रुमालाने झाकून छायाचित्र काढणं त्याहून फार सोपं आहे.

सांगलीच्या गोकुळनगरातून उभ्या राहिलेल्या वेश्या अन्याय मुक्ती परिषद या देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्याच संघटनेच्या बाया गेली कित्येक वर्षं सांगताहेत, आम्हाला वाचवणाऱ्यांपासून वाचवा. २००६ च्या विधेयकाला देशभरातल्या अशा संघटनांनी विरोध केला तो गिऱ्हाइकाच्या कलमामुळे. त्याच विधेयकात दुसरीही एक गोष्ट होती, तिची आज कुणालाच आठवण नाही: खिडकीत बसलेल्या बाईला तुरुंगात धाडणारं कलम ८ आणि तिला वस्तीतून हाकलून देता येणारं कलम २०, ही दोन्ही रद्द करायची होती. गिऱ्हाइकाच्या कलमाशी एका गाठीत बांधल्यामुळे तीही बुडाली. तो अर्धा भाग वेगळा काढून पुन्हा संसदेत आणायला आज नेमकी कुणाची हरकत आहे?